न्यायाधीश कोणाचे देणे लागतात? अमेरिकेतील न्यायाधीशांच्या निवडणुका आणि देणग्यांचे राजकारण

न्यायव्यवस्थेतील प्रतिनिधित्वाचा विषय निघाला की आपल्या तरुणांच्या चर्चेत एक सूचना हमखास येते. कॉलेजियम बंद करा आणि न्यायाधीशही लोकांनाच निवडू द्या. चार-पाच जणांनी बंद खोलीत नावे ठरवण्यापेक्षा जनतेने मत द्यावे, हे लोकशाहीला धरूनच आहे असे वाटते. ही कल्पना प्रत्यक्षात आलेली आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत दीडशेहून अधिक वर्षांपासून न्यायाधीशांना कोणत्या ना कोणत्या स्वरूपात मतदारांसमोर जावे लागते. तिथे काय घडले, निवडणुकीबरोबर पैसा कसा आला, वंचित समाजांना त्यातून काय मिळाले आणि काय गमवावे लागले, याची माहिती कार्यकर्त्यांना एका ठिकाणी मिळावी म्हणून हा लेख.

राज्य न्यायालये का महत्त्वाची

अमेरिकेत न्यायालयांच्या दोन स्वतंत्र रांगा आहेत. एक केंद्राची, म्हणजे फेडरल न्यायालये. तिथल्या न्यायाधीशांचे नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात, सिनेट मंजूर करते आणि नेमणूक आजीवन असते. आपल्याकडच्या बातम्यांत येते ते वॉशिंग्टनचे सर्वोच्च न्यायालय याच रांगेच्या टोकाला आहे.

दुसरी रांग राज्यांची. प्रत्येक राज्याची स्वतःची खालची न्यायालये आणि स्वतःचे सर्वोच्च न्यायालय असते. देशातील ९० टक्क्यांहून अधिक खटले याच न्यायालयांत चालतात. खून, चोरी, घटस्फोट, घरभाडे, मजुरी, जमीन, अपघाताची भरपाई हे सगळे तिथेच. राज्याच्या कायद्याचा अर्थ लावण्यात शेवटचा शब्दही राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाचा. म्हणजे गरीब माणसाची, कृष्णवर्णीय माणसाची, स्थलांतरिताची गाठ पडते ती बहुधा राज्याच्या न्यायाधीशाशी.

आपल्या समाजाचाही याच्याशी संबंध आला आहे. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क विभागाने सिस्को कंपनीविरुद्ध एका दलित अभियंत्याला जातीय भेदभाव सोसावा लागल्याचा दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले. पुढे दोन अभियंत्यांविरुद्धचे वैयक्तिक दावे २०२३ मध्ये मागे घेण्यात आले, कंपनीविरुद्धचा दावा मात्र राहिला. सुरुवातीला फेडरल न्यायालयात गेलेले हे प्रकरण २०२० मध्येच सांता क्लारा काउंटीच्या राज्य न्यायालयात आले होते. अमेरिकेतील जातीचा प्रश्न ज्या न्यायालयासमोर गेला, तिथले न्यायाधीश सहा वर्षांच्या मुदतीचे आणि निवडणुकीला बांधलेले असतात.

निवडीच्या पद्धती

राज्याराज्यांत पद्धत वेगळी आहे. ढोबळ मानाने पाच प्रकार सांगता येतात.

१. पक्षीय निवडणूक: उमेदवाराच्या नावापुढे पक्ष छापलेला असतो. टेक्सास, अलाबामा, लुइझियाना ही अशी राज्ये.

२. बिगरपक्षीय निवडणूक: मतपत्रिकेवर पक्ष नसतो. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, वॉशिंग्टन राज्य यांत ही पद्धत आहे. प्रत्यक्षात कोण कोणत्या पक्षाचा हे सगळ्यांना ठाऊक असते.

३. मिसुरी पद्धत: एक आयोग काही नावे निवडतो, गव्हर्नर त्यातून एकाची नेमणूक करतो आणि काही काळाने मतदार ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ एवढेच सांगतात. समोर दुसरा उमेदवार नसतो.

४. गव्हर्नरकडून नेमणूक: न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो, आपल्या राज्यपालासारखा केंद्राने पाठवलेला नसतो.

५. विधिमंडळाकडून निवड: साउथ कॅरोलिना आणि व्हर्जिनिया.

सर्वोच्च न्यायालयासाठी कोणत्या तरी टप्प्यावर मतदान घेणारी राज्ये ५० पैकी ३८ आहेत.

निवडणूक आली कशासाठी

मिसिसिपीने १८३२ मध्ये सर्व न्यायाधीश निवडणुकीने भरायला सुरुवात केली. न्यूयॉर्कने १८४६ च्या राज्यघटनेत तेच केले आणि त्यानंतर अनेक राज्ये त्या वाटेने गेली. कारण साधे होते. तोपर्यंत गव्हर्नर आणि विधिमंडळे आपल्या मर्जीतल्या माणसांना न्यायासनावर बसवत. लोकांनी निवडलेला न्यायाधीश या मंडळींचा मिंधा राहणार नाही, अशी सुधारकांची अपेक्षा होती.

पण मिंधेपणा संपला नाही, त्याने घर बदलले. मोठ्या शहरांत पक्षाचे स्थानिक पुढारी न्यायाधीशांची तिकिटे वाटू लागले. कॅन्सस सिटीतील टॉम पेंडरगास्ट या पुढाऱ्याच्या यंत्रणेला कंटाळून मिसुरीच्या मतदारांनी १९४० मध्ये आयोगाची पद्धत स्वीकारली. वर दिलेला तिसरा प्रकार तो हाच.

पक्षाची ही पकड इतरत्र आजही आहे. ब्रुकलिनमधील मार्गारिटा लोपेझ टोरेस १९९२ मध्ये दिवाणी न्यायाधीश म्हणून निवडून आल्या. पक्षाने सुचवलेली माणसे कार्यालयात नेमायला त्यांनी नकार दिला. वरच्या न्यायालयासाठी पक्षाच्या अधिवेशनातून नामांकन लागते, ते त्यांना मिळाले नाही. ही पद्धतच घटनाबाह्य आहे, असा दावा त्यांनी केला. २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती पद्धत कायम ठेवली. उमेदवार ठरवण्याचा हक्क पक्षाचा आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

पैसा कोणत्या वाटेने येतो

राज्यभर प्रचार करायचा तर टीव्हीवर जाहिराती लागतात आणि जाहिरातींना पैसा लागतो. उमेदवाराच्या खात्यात थेट देणगी देण्यावर बहुतेक राज्यांत मर्यादा आहे. पण उमेदवारापासून ‘स्वतंत्र’ म्हणवणाऱ्या गटाने किती खर्च करावा यावर मर्यादा नाही. २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर कंपन्या आणि कामगार संघटना यांनाही असा खर्च मोकळा झाला. अशा काही गटांमागचे मूळ देणगीदार मतदाराला मतदानापूर्वी कळतही नाहीत.

देणगीदार कोण असतात? विमा कंपन्या, उद्योगांच्या संघटना, नुकसानभरपाईचे खटले लढवणारे वकील, कामगार संघटना आणि राजकीय पक्ष. यातले बरेच जण त्याच न्यायालयात पक्षकार किंवा वकील म्हणून उभे राहतात. आमदार निवडणे आणि न्यायाधीश निवडणे यातला मूलभूत फरक इथे आहे. आमदाराने आपल्या मतदारांची बाजू घ्यावी अशीच अपेक्षा असते. न्यायाधीशाने कोणाचीच बाजू आधीपासून घेऊ नये अशी अपेक्षा असते.

कोळसा, ३० लाख डॉलर आणि एक मत

या विषयातला सर्वांत प्रसिद्ध खटला वेस्ट व्हर्जिनियाचा आहे. ह्यू कॅपर्टन यांच्या छोट्या कोळसा कंपनीला मॅसी या बलाढ्य कंपनीने फसवून बुडवले, असे ज्युरीने २००२ मध्ये ठरवले आणि ५ कोटी डॉलरची भरपाई दिली. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार हे उघड होते.

२००४ मध्ये त्या न्यायालयाची निवडणूक आली. मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी विद्यमान न्यायाधीश वॉरेन मॅकग्रॉ यांना पाडण्यासाठी आणि ब्रेंट बेंजामिन यांना आणण्यासाठी सुमारे ३० लाख डॉलर खर्च केले. बेंजामिन यांच्या स्वतःच्या प्रचार समितीने केलेल्या खर्चाच्या ही रक्कम तिप्पट होती. थेट देणगी फक्त १ हजार डॉलरची, कारण कायद्याची मर्यादा तेवढीच. बाकी मोठा भाग एका गटामार्फत गेला. गटाच्या नावाचा अर्थ होता ‘मुलांच्या भल्यासाठी’. जाहिराती कोळशाबद्दल नव्हत्याच. मॅकग्रॉ यांनी मुलांवर अत्याचार करणाऱ्या गुन्हेगाराला मोकळे सोडले, असा त्यांचा सूर होता.

बेंजामिन जिंकले. मॅसीचे अपील आले तेव्हा त्यांनी सुनावणीपासून दूर राहायला नकार दिला. नोव्हेंबर २००७ मध्ये ५ कोटींचा निकाल ३ विरुद्ध २ मतांनी रद्द झाला आणि त्या तीन मतांत बेंजामिन यांचे मत होते. फेरसुनावणीतही तोच निकाल लागला.

प्रकरण वॉशिंग्टनला गेले. ८ जून २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले की बेंजामिन यांनी बाजूला व्हायला हवे होते. या निकालातला मुद्दा प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. न्यायाधीशाने लाच घेतली हे सिद्ध करण्याची गरज नाही. त्याच्या मनात पक्षपात होता हेही सिद्ध करायला नको. परिस्थितीच अशी असेल की पक्षपाताचा गंभीर धोका आहे, तर निष्पक्ष सुनावणीचा हक्क मोडतो.

आणि कॅपर्टन यांचे काय झाले? प्रकरण परत वेस्ट व्हर्जिनियाला गेले आणि बेंजामिन यांच्याविनाही तिथल्या न्यायालयाने त्याच वर्षी मॅसीच्याच बाजूने निकाल दिला. तत्त्वाचा विजय झाला, पण भरपाई मिळाली नाही. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल २०१० रोजी, याच कंपनीच्या अप्पर बिग ब्रँच खाणीत स्फोट होऊन २९ कामगार मेले. खाणसुरक्षेचे नियम मोडण्याच्या कटाबद्दल ब्लँकनशिप यांना एक वर्षाची कैद झाली. न्यायासनावर कोण बसावे यासाठी पैसा ओतणारे लोक कोणत्या हितसंबंधांचे असतात, हे यावरून दिसते.

लुई बटलर: पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश कसा पडला

लुई बटलर २००४ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयात नेमले गेले. त्या न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. २००५ मध्ये त्यांनी एक महत्त्वाचा निकाल लिहिला. शिसेयुक्त रंगामुळे आजारी पडलेल्या मुलाला नेमका कोणत्या कंपनीचा रंग होता हे सांगता येत नसले, तरी रंग बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावता येईल, असा तो निकाल होता. उद्योगजगत खवळले.

२००८ च्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध मायकेल गेबलमन उभे राहिले. उद्योगांच्या संघटनेने लाखो डॉलर ओतले. गेबलमन यांच्या जाहिरातीत बटलर यांचा चेहरा एका कृष्णवर्णीय बलात्काऱ्याच्या चेहऱ्याशेजारी दाखवला होता. बटलर यांनी पळवाट शोधली आणि त्याने पुन्हा गुन्हा केला, असा तिचा अर्थ निघत होता. वस्तुस्थिती अशी की बटलर पूर्वी गरिबांसाठी सरकारने दिलेले बचावाचे वकील होते आणि तो त्यांचा अशील होता. त्यांचा युक्तिवाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला होता. आरोपीने शिक्षा भोगली आणि सुटल्यावर दुसरा गुन्हा केला. या जाहिरातीबद्दल गेबलमन यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली, पण न्यायालय ३ विरुद्ध ३ असे विभागल्याने ती पुढे सरकली नाही. बटलर थोडक्या मतांनी पडले होते. चार दशकांत विद्यमान न्यायाधीश पडण्याची ही पहिलीच वेळ.

मॅकग्रॉ आणि बटलर ही प्रकरणे शेजारी ठेवा. नाराजी कंपन्यांची, मुद्दा पैशाचा, पण मतदाराला दाखवला जातो गुन्हेगार. आणि न्यायाधीश वंचित समाजातला असेल तर त्याचा चेहराच प्रचाराचे साहित्य होतो.

निवडणूक जवळ आली की शिक्षा वाढते

ही भीती फक्त पडलेल्यांपुरती राहत नाही. ग्रेगरी ह्यूबर आणि सॅनफोर्ड गॉर्डन या राज्यशास्त्रज्ञांनी पेनसिल्व्हेनियातील हजारो शिक्षा तपासून २००४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. न्यायाधीशाची स्वतःची निवडणूक जवळ येत जाते तशा शिक्षा लांबतात, असे त्यांना आढळले. अलाबामात ज्युरीने जन्मठेप सुचवली तरी निवडून आलेला न्यायाधीश फाशी देऊ शकत असे. ही तरतूद २०१७ मध्ये रद्द झाली, तोवर जवळपास १०० प्रकरणांत असे घडले होते. तुरुंगात आणि फाशीच्या कोठडीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येपेक्षा कितीतरी जास्त असलेल्या देशात या वाढीव शिक्षेचा भार कोणावर पडतो हे वेगळे सांगायला नको.

फक्त ‘ठेवा किंवा काढा’ एवढेच विचारणारी पद्धतही सुरक्षित ठरली नाही. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मुख्य न्यायाधीश रोझ बर्ड फाशीच्या प्रश्नावरून हटवल्या गेल्या. त्यांच्याबरोबर क्रूझ रेनोसो हे त्या न्यायालयातले पहिले लॅटिनो न्यायाधीशही गेले. २०१० मध्ये आयोवात तीन न्यायाधीशांना मतदारांनी काढले. समलिंगी विवाहाला घटनेचे संरक्षण आहे, असा एकमताचा निकाल त्यांच्या न्यायालयाने आदल्या वर्षी दिला होता. अल्पसंख्याकांच्या हक्कासाठी दिलेला निकाल बहुसंख्याकांच्या मतदानाला टाकला की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

विस्कॉन्सिन २०२५

विस्कॉन्सिनच्या एका जागेसाठी २०२३ मध्ये ५ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. १ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत तो आकडा १० कोटींच्या आसपास गेला. एलॉन मस्क आणि त्यांच्याशी संबंधित गटांनी ब्रॅड शिमेल यांच्यासाठी २ कोटी डॉलरहून अधिक खर्च केले. त्याच सुमारास मस्क यांच्या टेस्ला कंपनीचा गाड्यांच्या विक्रीबाबतचा दावा त्या राज्यात चालू होता. शिमेल हरले, सुझन क्रॉफर्ड सुमारे १० टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. पण क्रॉफर्ड यांच्या बाजूच्या पक्षालाही जॉर्ज सोरोस आणि इलिनॉयचे अब्जाधीश गव्हर्नर प्रित्झकर यांनी देणग्या दिल्या होत्या. म्हणजे मस्क यांचा पैसा हरला तरी पैशाची सद्दी हरली नाही. याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवून ठेवले आहे की केवळ देणगी मिळाली म्हणून न्यायाधीशाला बाजूला व्हावे लागणार नाही. त्या नियमाचा मसुदा उद्योग आणि घरविक्री व्यवसायाच्या संघटनांनी पुढे केला होता.

दुसरी बाजू: मताने उघडलेला दरवाजा

एवढे वाचून ‘निवडणूक वाईट, नेमणूक चांगली’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यू ऑर्लीन्समधून एकही कृष्णवर्णीय निवडून येत नव्हता. त्या शहरात कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्य होते, पण मतदारसंघ आखताना त्यांना शेजारच्या श्वेतबहुल भागांशी जोडून दोन न्यायाधीश एकत्र निवडले जात. कृष्णवर्णीय मतदारांनी दावा लावला. १९९१ मध्ये चिसम खटल्यात वॉशिंग्टनच्या न्यायालयाने सांगितले की मतदान हक्क कायदा न्यायाधीशांच्या निवडणुकांनाही लागू आहे. तडजोडीतून वेगळी जागा निर्माण झाली. बर्नेट जॉन्सन १९९४ मध्ये निवडून आल्या आणि २०१३ मध्ये त्या राज्याच्या पहिल्या कृष्णवर्णीय मुख्य न्यायाधीश झाल्या. नेमणाऱ्यांच्या दारात जे मिळत नव्हते ते मतदारसंघ नीट आखल्यावर मताने मिळाले.

मग फरक कशाने पडला? बटलर यांना राज्यभर, महागड्या जाहिरातींच्या युद्धात उभे राहावे लागले. जॉन्सन यांच्या मागे त्यांना ओळखणारा, संघटित समाज आणि हक्काचा मतदारसंघ होता.

बाबासाहेबांनी काय पाहिले होते

आपल्याकडे न्यायाधीश प्रचार करत नाहीत, त्यामुळे प्रचाराची देणगी हा प्रश्न नाही. नेमणूक कोणी करायची हा प्रश्न मात्र संविधान सभेसमोर होता. २४ मे १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही पद्धती समोर ठेवल्या. सगळे सरकारच्या हाती देणे धोक्याचे आहे आणि विधिमंडळाची संमती बंधनकारक केली तर राजकीय दबाव शिरेल, असे त्यांनी सांगितले. म्हणून जाणकारांशी सल्लामसलतीचा मधला मार्ग त्यांनी मांडला. सरन्यायाधीशांची संमती अनिवार्य करावी ही सूचनाही त्यांनी मान्य केली नाही. सरन्यायाधीशही माणूसच, त्यालाही सामान्य माणसासारखे दोष आणि पूर्वग्रह असतात, हे त्यांनी स्पष्ट केले.

पुढे १९९३ च्या निकालाने कॉलेजियम आले आणि नेमणुकीची सूत्रे न्यायाधीशांच्याच हाती गेली. राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ४ विरुद्ध १ मतांनी रद्द केला. २०१८ नंतर उच्च न्यायालयांत नेमलेल्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ३ टक्केच आहे. अमरावतीचे भूषण गवई १४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश झाले. ते या पदावरचे पहिले बौद्ध आणि के. जी. बालकृष्णन यांच्यानंतरचे दुसरे दलित. अभिमान योग्यच आहे, पण एका नावाने ३ टक्क्यांचा आकडा बदलत नाही.

कार्यकर्त्यांनी विचारायचे प्रश्न

निवडणूक, आयोग की कॉलेजियम, एवढ्यावर चर्चा थांबवू नये. कोणतीही पद्धत समोर आली तरी हे प्रश्न विचारावेत.

१. नाव कोण सुचवतो आणि त्याची कारणे लोकांना वाचायला मिळतात का?

२. या निवडीत पैसा किंवा पक्ष कुठे शिरू शकतो? शिरला तर कोणाचा, हे उघड होते का?

३. न्यायाधीशाला पद टिकवण्यासाठी किंवा निवृत्तीनंतर दुसरे पद मिळवण्यासाठी कोणाकडे पाहावे लागते?

४. हितसंबंध असेल तेव्हा बाजूला होण्याचा निर्णय तोच न्यायाधीश घेतो की दुसरे कोणी?

५. निवड करणाऱ्यांत आणि निवडल्या जाणाऱ्यांत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक आणि स्त्रिया किती आहेत? ही आकडेवारी नियमित जाहीर होते का?

प्रतिनिधित्वाची मागणी आपण सोडायची नाही. पण न्यायासनावर पोहोचलेला आपला माणूस देणगीदाराचा, पक्षाचा किंवा सरकारचा देणेकरी होऊन बसणार असेल, तर ती खुर्ची आपल्या उपयोगाची राहत नाही. म्हणून प्रतिनिधित्व आणि स्वातंत्र्य या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात, एकाच वेळी लिहायला हव्यात.